प्रौढांसाठीची ॲडव्हेंचर लिहिताय? मग लायसन्स, लोगो आणि दुकान यांचे नियम आधी बघून घ्या

२००३ साली व्हॅलार प्रोजेक्ट नावाच्या एका छोट्या प्रकाशनाने ‘बुक ऑफ इरॉटिक फँटसी’ हे पुस्तक जाहीर केलं. डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि पात्रं वठवत खेळायच्या कथाखेळाच्या नियमांवर बेतलेलं आणि लैंगिकता हाच विषय असलेलं पुस्तक. त्यामागचे अँथनी व्हॅलटेरा आधी डी अँड डीच्या मालक कंपनीत, म्हणजे विझर्ड्स ऑफ द कोस्टमध्येच, कामाला होते. त्या काळी विझर्ड्सने बाहेरच्या प्रकाशकांना दोन गोष्टी फुकट दिल्या होत्या. एक, नियम वापरायची परवानगी, म्हणजे ओपन गेम लायसन्स किंवा ओजीएल. दुसरी, मुखपृष्ठावर ‘डी२०’ हा लोगो छापायची परवानगी, तिचं लायसन्स वेगळं. पुस्तक जाहीर झालं आणि त्याच वर्षी लोगोच्या लायसन्समध्ये नवं कलम आलं: भडक लैंगिक चित्रण नको, अतिरेकी रक्तपात नको, खऱ्या समाजांचा आणि धर्मांचा अवमान नको.

पुस्तक तरीही बाजारात आलं. नियम तेच होते आणि ओजीएलही तेच. गेला तो फक्त मुखपृष्ठावरचा लोगो. ओजीएलमध्ये मजकुराच्या सभ्यतेबद्दल अवाक्षर नव्हतं, त्यामुळे त्या बाजूने पुस्तक अडवायला जागाच नव्हती. आदल्याच वर्षी, २००२ मध्ये, विझर्ड्सने स्वतः ‘बुक ऑफ व्हाइल डार्कनेस’ हे क्रौर्य आणि विकृतीवरचं पुस्तक ‘प्रौढ वाचकांसाठी’ असा शिक्का मारून काढलं होतं. मालकाला स्वतःच्या घरात जे चालतं, ते भाडेकरूला चालेलच असं नाही.

टेबलटॉप रोलप्लेइंगसाठी, म्हणजे अशा कथाखेळांसाठी, पहिल्यांदाच ॲडव्हेंचर (खेळायला तयार कथा) किंवा दुसरं काही लिहायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी हा किस्सा आधी सांगतो. ‘यात खून आहे, छळ आहे, एक प्रणयाचा प्रसंग आहे, चालेल का?’ असं लोक विचारतात. त्याला एकच उत्तर नसतं, कारण परवानगी देणारे अनेक आहेत. नियमांचं लायसन्स हे एक दार, नाव आणि लोगो हे दुसरं, पुस्तक विकणारं दुकान तिसरं, देशाचा कायदा चौथा. प्रत्येक दारावरचा राखणदार वेगळा. एकाने आत सोडलं म्हणजे पुढचा सोडेल असं नाही. म्हणून विचारायचा प्रश्न असा: माझं पुस्तक कोण, कधी आणि कुठल्या कलमाखाली बंद करू शकतो? पुढच्या पायऱ्या या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहेत.

पायरी १: आपल्याच हस्तलिखिताची झडती घ्या

लायसन्स शोधायच्या आधी एक दुपार काढा, हातात तीन रंगांची पेनं घ्या आणि आपली ॲडव्हेंचर पहिल्या ओळीपासून वाचा. एका रंगाने दुसऱ्याचे नियम अधोरेखित करा: सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचायला टाकायचा फासा), आर्मर क्लास (वार चुकवायचा आकडा), स्पेल (जादूचे मंत्र), मॉन्स्टरचे आकडे. दुसऱ्या रंगाने दुसऱ्याची नावं: जागा, देव, जादूगार, राक्षस. तिसऱ्या रंगाने असे प्रसंग, जे वाचून टेबलावरचा एखादा माणूस गप्प होईल: लैंगिक प्रसंग, छळ, लहान मुलांचे हाल, आत्महत्या, जातीवरून किंवा धर्मावरून झालेला अपमान, व्यसन.

मी माझ्या पहिल्या ॲडव्हेंचरच्या वेळी हे केलं नव्हतं. बत्तीस पानांची कथा होती आणि खलनायक होता एक माइंड फ्लेअर, डी अँड डीमधला एक राक्षस. मित्राने वाचून विचारलं, ‘हा तुझा आहे का?’ माझा नव्हताच. माइंड फ्लेअर, बीहोल्डर, गिथयांकी, डिस्प्लेसर बीस्ट, युआन-टी या राक्षसांची नावं विझर्ड्सने ओजीएलखाली दिलेल्या नियमसंचात स्पष्टपणे राखून ठेवली होती. आउलबेअर हा राक्षस मात्र खुला आहे. वरवर बघता हे कळायला मार्ग नसतो, यादी उघडूनच बघावी लागते. खलनायक बदलला तेव्हा त्याच्याभोवतीची अर्धी कथा बदलावी लागली.

स्पेलच्या नावांतही असाच खड्डा आहे. खेळाडूंच्या पुस्तकात ‘टाशाज हिडियस लाफ्टर’ असतं, खुल्या नियमसंचात नुसतं ‘हिडियस लाफ्टर’. ‘मेल्फ्स ॲसिड ॲरो’चं ‘ॲसिड ॲरो’ होतं आणि ‘बिगबीज हँड’चं ‘आर्केन हँड’. स्पेल खुली, तिच्यावरचं जादूगाराचं नाव राखीव. आपण टेबलावर सवयीने जे नाव घेतो तेच लिहून मोकळे होतो. तेव्हा प्रत्येक स्पेल खुल्या संचातल्या यादीशी ताडून बघा.

पायरी २: नियम कुणाचे, कुठल्या लायसन्सखाली

कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात हे स्वच्छ सांगितलं: कल्पना, विषय, कथानक यांवर कॉपीराइट नाही, ते ज्या रूपात मांडलंय त्यावर आहे. वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आकडा मिळवायची पद्धत कुणाच्या मालकीची नाही. ती समजावून सांगणारे परिच्छेद मात्र मालकीचे असतात. पण पद्धत कुठे संपते आणि मांडणी कुठे सुरू होते, ही रेघ एकट्याने ओढत बसायला लागू नये म्हणून लायसन्स उपयोगी पडतं.

सगळ्यांत आधी भेटेल ओजीएलची १.०ए ही आवृत्ती. २००० सालची. हिच्याखाली काम करायचं तर लायसन्सचा पूर्ण मजकूर पुस्तकात छापावा लागतो, आपल्या पुस्तकातलं काय खुलं आणि काय राखीव ते स्पष्ट करावं लागतं, आणि कलम १५ मध्ये ज्या ज्या पुस्तकातून घेतलं त्या सगळ्यांच्या कॉपीराइटच्या ओळी उतरवाव्या लागतात. नवखे लोक चुकतात ते नेमकं या कलम १५ मध्ये. दुसऱ्याची ओळ उतरवतात आणि स्वतःच्या पुस्तकाची लिहायला विसरतात. चूक कळल्यावर दुरुस्त करायला तीस दिवस मिळतात, तेवढ्यात नाही केली तर लायसन्स संपतं. आणखी एक अट: दुसऱ्याचं ट्रेडमार्क असलेलं नाव घेऊन ‘या खेळासोबत चालेल’ असं सांगता येत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. प्रौढ मजकुरावर बंदी? एका शब्दाची नाही.

मग २०२३ चा जानेवारी उजाडला. पाच तारखेला ओजीएल १.१ चा मसुदा फुटला. साडेसात लाख डॉलरच्या वर उत्पन्न असणाऱ्यांकडून वरच्या रकमेवर पंचवीस टक्क्यांपर्यंत रॉयल्टी, आणि जुनं १.०ए ‘अधिकृत’ राहणार नाही, असं त्यात होतं. वीस-बावीस वर्षं ज्या लायसन्सवर लोकांनी घरं चालवली, त्यातल्या ‘कुठलीही अधिकृत आवृत्ती वापरा’ या वाक्यातल्या एका विशेषणावर सगळं येऊन अडलं. लोक खवळले. १९ जानेवारीला नरमाईचा म्हणून १.२ चा मसुदा आला. आपल्या विषयासाठी तोच महत्त्वाचा आहे, त्याकडे पायरी ४ मध्ये येतो. पंधरा हजारांहून जास्त लोकांनी मतं नोंदवली. २७ जानेवारीला विझर्ड्सने माघार घेतली, १.०ए तसंच ठेवलं आणि डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचा चारशेच्या आसपास पानांचा खुला नियमसंच, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० या सगळ्यांना वापरू देणाऱ्या लायसन्सखाली देऊन टाकला. एप्रिल २०२५ मध्ये नव्या नियमांचा एसआरडी ५.२ सुद्धा याच लायसन्सखाली आला.

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हाच रस्ता सांगेन. क्रिएटिव्ह कॉमन्सचं हे लायसन्स परत घेता येत नाही, मजकुराच्या सभ्यतेची अट घालत नाही, रॉयल्टी मागत नाही. त्याच्या बदल्यात श्रेय द्यायचं आणि बदल केले असतील तर तसं सांगायचं. श्रेयाची ओळ एसआरडीच्या सुरुवातीलाच तयार दिलेली आहे. ती जशीच्या तशी उतरवा. आपल्या शब्दांत गोड करून लिहू नका आणि विझर्ड्सचा त्याव्यतिरिक्त कुठेही ऋणनिर्देश करू नका, तशी विनंती त्या पानावरच आहे. ‘फिफ्थ एडिशनशी सुसंगत’ असं मुखपृष्ठावर लिहायला हरकत नाही.

यात आपल्यासाठी एक मोठी गोष्ट आहे. हे लायसन्स भाषांतराचीही मुभा देतं. फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमधले एसआरडी विझर्ड्सने स्वतः काढले. मराठीतला काढायला कुणाची वाट बघायची गरज नाही. तुम्ही, मी, कोणीही तो करू शकतो, विकूही शकतो, फक्त श्रेयाची ओळ लावायची आणि हे भाषांतर आहे असं लिहायचं. मी माझ्या टेबलासाठी थोडा भाग केला आहे. ‘सेव्हिंग थ्रो’ला मी ‘बचाव’ म्हणतो. ‘बचाव टाक’ असं म्हटलं की पहिल्यांदा बसलेला माणूससुद्धा न विचारता फासा उचलतो.

इतर लायसन्सबद्दल थोडक्यात. पायझो या खेळांच्या प्रकाशकाने पुढाकार घेऊन २०२३ मध्ये पूर्ण केलेलं ओआरसी लायसन्स परत न घेता येणारं आहे आणि कुठल्याही एका खेळापुरतं नाही. मात्र त्याखाली लिहिलंत की तुम्ही केलेली नियमांची भर आपोआप पुढच्यांसाठी खुली होते. कथा, पात्रं, नावं तुमचीच राहतात. ‘ब्लेड्स इन द डार्क’च्या नियमांवर उभे राहिलेले खेळ आणि ‘फेट’ हा खेळ क्रिएटिव्ह कॉमन्सवर चालतात. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हटलं की पुढची अक्षरं नक्की वाचा: ‘एनसी’ असेल तर विकता येणार नाही, ‘एसए’ असेल तर तुमचं कामही त्याच लायसन्सखाली सोडावं लागेल.

पायरी ३: नाव, लोगो आणि उधारीचं विश्व

नियम खुले असले म्हणजे विश्व खुलं झालं असं नाही. तुमची कथा फरगॉटन रेल्म्स या डी अँड डीच्या विश्वात घडते का? मग एसआरडीने भागणार नाही, डीएम्स गिल्ड या विझर्ड्सच्या परवानगीने चालणाऱ्या ऑनलाइन दुकानात जावं लागेल. जानेवारी २०१६ पासून चालू असलेल्या या व्यवस्थेत विझर्ड्सची विश्वं आणि राखीव राक्षस वापरता येतात आणि विक्रीतला अर्धा वाटा लेखकाला मिळतो. मोबदल्यात ते काम त्याच दुकानात राहतं. इतर गिल्ड लेखक तुमच्या पात्रांवर पुढे लिहू शकतात. आणि तिथे अश्लील किंवा द्वेष पसरवणारा मजकूर चालत नाही, तो तसा आहे का हे दुकान आणि मालक ठरवतात. ‘कॉल ऑफ चथुलू’ या खेळासाठी मिस्काटोनिक रिपॉझिटरी आणि ‘व्हॅम्पायर’ या खेळासाठी स्टोरीटेलर्स व्हॉल्ट यांचीही ठेवण अशीच आहे. करार प्रत्येकाचा वेगळा, तो तेवढा वाचा.

माझं मत स्पष्ट आहे. गडद, प्रौढ गोष्ट लिहायची असेल तर विश्व स्वतःचं घ्या. उधारीच्या घरात भिंतींचा रंग मालकाला विचारून लावावा लागतो. शिवाय आपली भयकथेची परंपरा इतकी श्रीमंत आहे की वेताळ, हडळ, मुंजा, गिऱ्हा सोडून दुसऱ्याच्या राक्षसासाठी तडजोड का करावी, हे मला खरंच कळत नाही. कोकणातल्या माणसाला देवचार समजावून सांगावा लागत नाही.

तुम्ही विकणार नसाल, मराठीत खेळ रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणार असाल, तर विझर्ड्सचं फॅन कंटेंट धोरण पुरेसं आहे. बघायला पैसे मागायचे नाहीत. जाहिराती, प्रायोजक, देणग्या चालतात. हे अनधिकृत आहे असं सांगायचं. पण मजकूर आक्षेपार्ह वाटला तर थांबवायला सांगायचा हक्क कंपनीकडे राहतो.

पायरी ४: ‘कोण ठरवणार’ हे वाक्य शोधा

आता तो १.२ चा मसुदा. त्यात एक कलम होतं: घातक, भेदभाव करणारा, बेकायदा, अश्लील किंवा छळणारा मजकूर घालणार नाही, तसं वागणारही नाही, असं लेखकाने कबूल करायचं. इथवर कुणाचं फारसं भांडण नसतं. पुढचं वाक्य असं होतं की मजकूर किंवा वागणूक द्वेषपूर्ण आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार फक्त विझर्ड्सचा, आणि त्या निर्णयाला लेखक कोर्टात आव्हान देणार नाही.

हे वाक्य मी माझ्या वहीत उतरवून ठेवलं आहे. द्वेष पसरवणारी पुस्तकं या छंदात नकोत असं मला मनापासून वाटतं. तरीही ज्याने दोन वर्षं घालून, कर्ज काढून चित्रं करून घेऊन पुस्तक केलं, त्याचं लायसन्स एका बाजूच्या निर्णयावर जावं आणि त्याला दादही मागता येऊ नये, हा करार एकतर्फी आहे. गुलामगिरीविरुद्ध लढण्याची कथा गुलामगिरी दाखवल्याशिवाय लिहिता येत नाही. जातीच्या अन्यायावरची ॲडव्हेंचर तो अन्याय टेबलावर आणल्याशिवाय होत नाही. एखादा थकलेला परीक्षक पान चाळून त्यालाच द्वेष समजला तर? मतं नोंदवणाऱ्यांपैकी ८८ टक्के लोकांनी या लायसन्सखाली आपलं काम काढायचं नाही असं कळवलं होतं.

म्हणून कुठलंही लायसन्स हातात आलं की चार वाक्यं शोधा. मजकुरावर अट आहे का? ती मोडली की नाही हे कोण ठरवणार? दुरुस्तीला मुदत किती? आणि लायसन्स नंतर बदलू शकतं का? शेवटच्याचं उत्तर ‘हो, केव्हाही’ असेल, तर २००३ डोळ्यांपुढे आणा.

पायरी ५: दुकानाची पाटी

लायसन्सने अडवलं नाही म्हणून दुकान ठेवेलच असं नाही. ड्राइव्हथ्रूआरपीजी हे पीडीएफचं सगळ्यांत मोठं दुकान. तिथे पुस्तक चढवताना ‘प्रौढ’ अशी खूण करता येते. मग ज्यांनी आपल्या खात्यात तसा मजकूर दाखवायला सांगितलं आहे त्यांनाच ते दिसतं. खूण केली तर कमी लोकांना दिसेल म्हणून ती टाळणारे भेटतात. टाळू नका. खूण न केलेलं पुस्तक चुकीच्या हातात पडलं की तक्रार येते आणि तक्रार आली की आख्खं खातं तपासलं जातं. २०१५ मध्ये याच दुकानात बलात्काराला खेळाचं रूप देणारं एक पुस्तक विक्रीला आलं. गदारोळ झाला, प्रकाशकाने ते काढून घेतलं, आणि तेव्हापासून आक्षेपार्ह मजकुरासाठी धोरण आणि तक्रारीची सोय आली. लोकांकडून आगाऊ पैसे उभे करायच्या किकस्टार्टर या साइटवरही पोर्नोग्राफी चालत नाही.

पुष्कळ हौशी लेखकांना इच.आयओ हे ऑनलाइन दुकान जास्त मोकळं वाटायचं. जुलै २०२५ मध्ये तिथली प्रौढ म्हणून खूण असलेली सगळी पानं एका फटक्यात शोधातून गायब झाली, कारण पैशांची देवाणघेवाण करणाऱ्या कंपन्यांकडून दबाव आला होता. मोफत असलेली पुढे परत दिसू लागली. म्हणजे आणखी एक राखणदार निघाला, कुठल्याच लायसन्समध्ये नाव नसलेला: पैसे पोचवणारा. तेव्हा आपल्या फायली, ग्राहकांचे ईमेल (त्यांच्या संमतीने) आणि विक्रीचा हिशोब स्वतःजवळ ठेवा, आणि जमलं तर दोन दुकानांत माल ठेवा.

पायरी ६: चित्रं

ही पायरी बहुतेकांकडून राहते. तयार छायाचित्रं विकणाऱ्या संस्थांच्या लायसन्समध्ये जवळपास नेहमीच अट असते, की फोटोतली व्यक्ती अश्लील किंवा तिची बदनामी होईल अशा संदर्भात वापरायची नाही. तुमच्या पुस्तकात अश्लील काही नसलं तरी एका खऱ्या मुलीचा फोटो ‘कुंटणखान्याची मालकीण’ म्हणून वापरलात तर अडचण होऊ शकते. चित्रकाराकडून काम करून घेत असाल तर प्रसंग काय आहे हे आधी सांगा, आणि त्याला किंवा तिला नकार द्यायची मोकळीक ठेवा. विक्रीचा हक्क, छपाईचा हक्क, नाव कुठे येणार, हे सगळं व्हॉट्सॲपवर नको, एका पानाच्या पत्रावर सहीनिशी लिहून घ्या.

पायरी ७: भारतातून लिहिताना

अश्लील साहित्य विकण्याबद्दलचं जुन्या भारतीय दंडसंहितेचं कलम २९२ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये आलं आहे. पीडीएफ विकायची तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६७ आणि ६७ए लागू होऊ शकतात. २०१४ च्या अवीक सरकार निकालात सर्वोच्च न्यायालयाने आख्ख्या कृतीचा संदर्भ आणि समकालीन समाजाची मापं बघायला सांगितली, म्हणजे सुटं एखादं वाक्य काढून निवाडा करायचा नाही. पण २०१५ मध्ये एका मराठी कवितेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की इतिहासातल्या आदरणीय व्यक्तींच्या तोंडी अश्लील भाषा घालायला कवीचं स्वातंत्र्य पुरत नाही. ती कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंकात छापली गेली होती. एकवीस वर्षं ते प्रकरण चाललं. शिवकाल किंवा पेशवाईवर प्रौढ ॲडव्हेंचर लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवावं: काळ घ्या, वातावरण घ्या, माणसं मात्र कल्पित ठेवा.

आणि एक रेघ अजिबात ओलांडायची नाही. लैंगिक प्रसंगात अल्पवयीन पात्र नको, सूचक नको, ‘दिसते लहान पण आहे तीनशे वर्षांची’ ही पळवाटही नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७बी मजकूर आणि चित्र दोन्हींबद्दल बोलतं. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

जिवंत माणसांच्या दुःखाबद्दलही हात आखडता ठेवा. २०१८ मध्ये व्हॅम्पायरच्या एका पुस्तकात चेचन्यातल्या समलिंगी लोकांचा खराखुरा छळ हा रक्तपिपासूंच्या कारस्थानावरचा पडदा म्हणून रंगवला गेला. त्या वेळी ती माणसं खरोखर कोंडली जात होती. मालक कंपनी पॅरडॉक्सने माफी मागितली, तो भाग काढला आणि व्हाइट वुल्फ या प्रकाशनाचं वेगळं अस्तित्वच संपवलं. लायसन्सचा कुठलाही भंग झालेला नव्हता.

पायरी ८: दुसरं पान आणि टेबलावरचं कार्ड

पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर, श्रेयाच्या ओळीशेजारी, मजकुराची सूचना छापा. ‘प्रौढांसाठी’ एवढंच लिहून काहीच कळत नाही. काय आहे ते नावाने लिहा आणि कुठल्या पानावर आहे तेही लिहा. जे प्रसंग काढता येतील त्यांना पर्याय द्या. खेळ चालवणाऱ्यासाठी दोन-चार साधनांचा उल्लेख करा. ‘लाइन्स अँड व्हेल्स’ ही रॉन एडवर्ड्स यांची कल्पना: लाइन म्हणजे जे खेळात येणारच नाही, व्हेल म्हणजे जे घडेल पण पडद्याआड. जॉन स्टाव्रोपोलोस यांचं एक्स-कार्ड: टेबलाच्या मधोमध एक कार्ड, कोणीही बोट ठेवलं की प्रसंग वळवायचा, कारण विचारायचं नाही. मोंटे कुक गेम्सची ‘कन्सेंट इन गेमिंग’ ही पुस्तिका मोफत मिळते, तिच्यातला तक्ता खेळाआधी सगळ्यांकडून भरून घेता येतो.

मला हे कार्ड कोरडं, परदेशी वाटायचं. आपण मित्रमित्र, त्यात कसलं कार्ड? मग एका पावसाळी रविवारी मी माझी वाड्यातली ॲडव्हेंचर चालवत होतो. माइंड फ्लेअर काढून मुंजा घातलेली तीच. पात्रं परसातल्या विहिरीपाशी आली. मी आवाज खाली आणून सांगायला लागलो: पाण्यावर एक छोटी चप्पल तरंगतेय. टेबलावर पाच जण होते. त्यातला सगळ्यांत जास्त हसणारा, सगळ्यांत जास्त बडबड करणारा, त्याने हात पुढे केला आणि कार्डावर बोट ठेवलं. तोंडाने काही बोलला नाही. मी म्हणालो, ‘विहीर कोरडी आहे. तळाशी एक लाकडी पेटी दिसतेय.’ त्याने फासा उचलला आणि म्हणाला, ‘मी दोर सोडतो.’ खेळ पुढे गेला. का, ते मी अजून विचारलेलं नाही.

त्या रात्री मी हस्तलिखित उघडलं. दुसऱ्या पानावर लिहिलं: ‘पान १४: विहीर, बुडून मृत्यू, लहान मूल.’ आणि चौदाव्या पानावर चौकट काढून पर्याय घातला: विहीर कोरडी, तळाशी पेटी, पेटीत घुंगरं.